नऊशे चाळीसच्या पुढे

"तुझंच बरोबर आहे, ताई," असं रत्नाकर म्हणाला आणि मीनाक्षी निकुंभ यांच्या हातातल्या बशीतला चहा साडीवर सांडला.

वाद तसा किरकोळ होता. लहानपणी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमागे जे झाड होतं, ते चिंचेचं की विलायती चिंचेचं, असा. दोघं बहीणभाऊ हा वाद गेली पन्नास वर्षं घालत आले होते. झाड तोडून तिथे स्कूटर लावायला जागा केली, त्यालाही आता बराच काळ लोटला होता, त्यामुळे पुराव्याची अडचण कोणालाच नव्हती. मीनाताई चिंच म्हणायच्या, रत्नाकर विलायती चिंच म्हणायचा, मग दोघं एकमेकांची अक्कल काढायचे आणि फोन ठेवायचे. याला ते ख्यालीखुशाली विचारणं म्हणत.

आणि आज तो म्हणाला, तुझंच बरोबर आहे. वर हसला. वर विचारलं, "पायाचं कसं आहे तुझ्या?"

रत्नाकरने बहिणीच्या तब्येतीची चौकशी केल्याची घरात नोंद नव्हती.

मीनाताईंना संशय यायला आणखी एक कारण होतं. आदल्या रविवारी तो मेंढीकोटात प्रामाणिकपणे खेळला होता.

मेंढीकोट म्हणजे चार जणांचा पत्त्यांचा डाव. समोरासमोरचे दोघं भिडू, आणि जो जास्त दश्श्या, म्हणजे मेंढ्या, पकडेल तो जिंकला. भिडूंनी एकमेकांना पत्ते सांगायचे नसतात. या दोघांनी ते शाळेत असल्यापासून सांगितले होते. कानाची पाळी धरली की बदाम, नाक चोळलं की इस्पिक, हनुवटी खाजवली की किलवर, भुवईवर बोट गेलं की चौकट. आणि कॉलरचं वरचं बटण चाचपलं, तर 'हा जो पत्ता मी टाकतोय तो फसवा आहे, तू त्याच्या मागे जाऊ नकोस.' या पाच खुणांच्या जोरावर त्यांनी शेजारच्या गार्डकाकांना आणि काकूंना वर्षानुवर्षं हरवलं होतं. काकू शेवटपर्यंत पत्त्यांना दोष देत राहिल्या.

पुढे दोघं दोन टोकांना गेले, पण रविवारचा डाव पडद्यावर चालू राहिला. एका बाजूला ताई आणि रत्नाकर, दुसऱ्या बाजूला टोरांटोहून रत्नाकरचा मुलगा ईशान आणि चौथा हात म्हणून संगणक. ईशान कायम हरायचा आणि आपल्याला पत्त्यांचं अंगच नाही असं समजायचा.

आजारपणानंतरच्या पहिल्या डावात, गेल्या रविवारी, मात्र रत्नाकरने कानाला हात लावला नाही, नाकाला लावला नाही. हरला, आणि मुलाला म्हणाला, "छान खेळलास."

"हा रत्न्या नव्हे," ताई त्या दिवशी स्वतःशीच म्हणाल्या होत्या. आता चिंचेवरून खात्री पटली.

---

मीनाताई राहायच्या जळगावात, नवचैतन्य सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी एसटीच्या चौकशी खिडकीत झाली होती. 'येईलच हं गाडी आता' असं त्यांनी नोकरीत कोणाला कधी सांगितलं नाही. गाडी यावलहून निघाली नसेल तर निघालेली नाही असं सांगत. लोक चिडत, पण बसायचं की चालू पडायचं ते त्यांना ठरवता येई.

रत्नाकर राहायचा कोइंबतूरला. सूतगिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात त्याचा जन्म गेला, बायको तिथेच गेली, मग तोही तिथेच राहिला. चार महिन्यांपूर्वी त्याला मेंदूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तीस वर्षं घासूनपुसून शिकलेली तमिळ गेली, इंग्रजी गेली. मराठी मात्र शाबूत आहे, असं सगळ्यांना पडद्यावर दिसत होतं. ईशानने त्याला तिथल्याच एका चांगल्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं. ताईंच्या मांडीचं हाड त्याच सुमारास मोडून जोडलेलं, त्यामुळे प्रवासाला डॉक्टरांची सक्त मनाई. भेटायचं ते पडद्यावरच.

पडदा म्हणजे पूर्वीचा तो हातात धरायचा व्हिडिओ कॉल नव्हे. त्याला आता 'सदेह' म्हणत. पलीकडच्या खोलीत डझनभर कॅमेरे माणसाला चहूबाजूंनी टिपणार, आणि इकडे भिंतीएवढ्या काचेत तो माणूस अंगापिंडासकट खुर्चीत बसलेला दिसणार. अगदी नखातला मळसुद्धा. फक्त एवढा माणूस पाठवायला सेकंदाला सहा गिगाबिट लागत. पुनर्वसन केंद्र ते पाठवत होतं. ताईंच्या जिन्यातल्या डक्टमध्ये कंपनीने बसवलेल्या खोक्यापर्यंत काचेच्या धाग्यातून ते सुखरूप येतही होतं, कारण तो धागा दहा गिगाबिटचा होता. पुढचा प्रवास हवेतून. दोन भिंती, गोदरेजचं कपाट आणि शेजाऱ्यांच्या घरातली इंटरनेटवर चालणारी यच्चयावत उपकरणं ओलांडून खोलीत पोचेपर्यंत त्यातलं जेमतेम एक गिगाबिट उरे.

म्हणजे रत्नाकर सहा हिस्से निघायचा आणि एक हिस्सा पोचायचा.

उरलेले पाच कुठून आणायचे? त्यासाठी खोक्याचा दुसरा भाग पडद्यामागे असे, आणि त्यात 'पूरक' नावाची बुद्धी बसवली होती. तिने त्या माणसाचे जुने कॉल, जुने फोटो, जुने निरोप वाचून ठेवलेले असत. तो कसा हसतो, कुठला शब्द कधी वापरतो, हे तिला पाठ. आलेल्या एका हिश्शावरून ती पाच हिश्शांचा अंदाज करायची आणि माणूस पुरा करून द्यायची. आवाजही तिचाच, कारण ओठ एक बोलतायत आणि आवाज दुसराच येतोय हे चालण्यासारखं नव्हतं. प्रत्येक कॉलनंतर गिऱ्हाईक खूश होऊन तारे देई. पूरक त्या ताऱ्यांवर पोसलं गेलं. अडखळणं, खोकणं, उगाच अंग खाजवणं, वेड्यावाकड्या शांतता यांना तारे कमी पडत, म्हणून ते सगळं त्याने निरर्थक समजून पुसायला सुरुवात केली. मग भांडणंही पुसली. ते जाहिरातीत लिहिलेलं होतं: 'गैरसमजांविना गप्पा.' सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांना आवडलं. सुना सासवांना रोज फोन करू लागल्या.

---

"आत्या, पण हे चांगलंच झालं ना?" ईशान टोरांटोहून म्हणाला. "बाबा आता भांडत नाहीत."

"तेच सांगतेय मी. भांडत नाही!"

"म्हणजे बरे झाले."

"तुझा बाप धडधाकट होता तेव्हा भांडायचा थांबला होता का कधी?"

"सामंत मॅडमनी परीक्षा घेतलीये. पुण्याहून, सदेह. एका दमात चाळीस फळांची नावं सांगितली बाबांनी."

"रत्न्याने? चाळीस? अरे, तो खानदेशी माणूस. केळं सोडून दुसरं फळ त्याने कधी मोजलं नाही."

ईशान हसला नाही. सामंतबाई म्हणजे वाचा-उपचार करणाऱ्या. त्यांनी 'वाचा पूर्ववत' असा शेरा दिला होता, आणि केंद्रात मराठी जाणणारं कोणीच नसल्यामुळे त्या शेऱ्यावर लगेच कारवाई झाली होती. या महिनाअखेर उपचार बंद. रत्नाकरची रवानगी तळमजल्यावरच्या आनंद विभागात. तिथे माणसं दिवसभर खिडकीसमोर बसून आनंदात राहत.

"आणि तो बोलत नसेल तर?" ताई म्हणाल्या. "झटक्यानंतरचे पहिले काही महिनेच मेंदू नव्याने शिकतो, हे डॉक्टरनेच सांगितलंय ना तुला? हे महिने गेले की गेले. मग त्याला आयुष्यभर कोणी बोलायला शिकवणार नाही."

"पण ते बोलतायत, आत्या! मी रोज बोलतो त्यांच्याशी!"

"तू खोक्याशी बोलतोस."

थोडा वेळ पडद्यावरचा ईशान नुसताच प्रसन्न दिसत राहिला. मग एकदम म्हणाला, "तुला बाबा बरे झालेले बघवत नाहीत का?"

ताईंना ते लागलं. पण त्या वाक्याला काडीचीही पॉलिश नव्हती. ते अस्सल सहाव्या हिश्शातलं होतं, पूरकाच्या हातून निसटलेलं. त्यातल्या त्यात त्यांना बरं वाटलं.

केंद्रातल्या सेल्वी नावाच्या नर्सलाही त्यांनी विचारून पाहिलं, तो बोलतो का म्हणून. "बोलता है मॅडम, बहुत बोलता है," सेल्वी कौतुकाने म्हणाली. "मेरे को मराठी आता नहीं, बट सुनने को बहुत अच्छा." हे उत्तरही खोक्यातूनच गाळून आलेलं. साधा फोन लावून बघावा, तर साधा फोन आता उरला नव्हता. तोही खोक्यातूनच यायचा, आणि आवाज स्वच्छ करणं हे तर खोकं सगळ्यांत आधी शिकलं होतं.

एकच वाट होती. पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'पूरक बंद करा' असं एक बटण होतं. कायद्याने ठेवावं लागे. ताईंनी ते दाबलं. पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली: 'आपल्या उपकरणाला मिळणारा वेग ९१० मेगाबिट. आवश्यक वेग ६००० मेगाबिट. आपल्या आनंदासाठी पूरक पुन्हा सुरू करत आहोत.'

त्यांनी कंपनीला फोन केला.

"मॅडम, तुमच्या दारात दहा हजार येतायत," कंपनीचा मुलगा म्हणाला.

"दारात येतायत तर घरात का येत नाहीत?"

"घर तुमचं आहे, मॅडम."

---

"तार?" फारुखभाई म्हणाले. "ताई, तार कोण नेतं आता? मागच्या वर्षी एकाने नेली, ती कपडे वाळत घालायला."

फारुखभाईंचं दुकान स्टेशनजवळच्या मार्केटात होतं. त्यांनी पोटमाळ्यावरून निळ्या तारेचं एक भेंडोळं खाली टाकलं, धूळ झटकली आणि समजावून सांगितलं. हवेतून जाणारा वेग वाटेत सांडतो. तारेतून जाणारा सांडत नाही. फक्त तार त्या लायकीची पाहिजे, संगणकातलं कार्ड त्या लायकीचं पाहिजे आणि खोक्याचं भोकही त्या लायकीचं पाहिजे. "तिघांपैकी एकजण जरी जुना निघाला ना, तर बाकीचे दोघं त्याच्या चालीने चालतात."

"म्हणजे असोद्याचं रेल्वे फाटक," ताई म्हणाल्या. "पलीकडे रस्ता कितीही रुंद करा, गाडी फाटकाच्याच मर्जीने जाणार."

"बस्स. एसटीवाल्यांना काय सांगायचं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी फारुखभाईंच्या माणसाने डक्टजवळच्या भिंतीला भोक पाडलं. दुपारी दोन ते चार नवचैतन्य सोसायटी झोपते. ड्रिलचा आवाज ऐकून ती उठली, आणि सोसायटीबरोबर तिचे अध्यक्षही उठले.

अध्यक्ष भंगाळे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीच्या फाटकावर पितळी पाटी होती: 'तारमुक्त सोसायटी'. ती त्यांनी मिळवली होती. जिल्ह्यात पहिली. पाटी चिंचेने घासायचं काम ते वॉचमनला न देता स्वतः करत.

"निकुंभ मॅडम, ही तार काढावी लागेल."

"का?"

"ठराव आहे. एकमताने झालेला. तुम्हीसुद्धा हात वर केला होता."

"मी पंखा बारीक करा म्हणत होते."

"नोंद झालीये, मॅडम. रविवारपर्यंत काढा, नाहीतर मला काढावी लागेल. पाटीची तपासणी आहे."

"रविवारी माझा पत्त्यांचा डाव असतो," ताई म्हणाल्या. "डाव झाल्यावर या. चहा घेऊ."

तार लागली. वेग तपासला: ९४०.

ताईंनी संगणकात फारुखभाईंकडचं नवं कार्ड बसवून घेतलं. वेग तपासला: ९४०.

काठी टेकत जिन्यात जाऊन त्यांनी खोक्याच्या पाठीमागे हात घातला. चार भोकं उघडी होती, पाचवं रबरी बुचाखाली लपलेलं. बुचावर लिहिलं होतं, 'फक्त तंत्रज्ञांसाठी'. ताईंनी ते हेअरपिनने उचकटलं. तार त्यात घातली. घरात आल्या. वेग तपासला: ९४०.

"आता काय माझ्या हाडाची पट्टी बदलू?" त्यांनी फारुखभाईंना फोनवर विचारलं.

"ताई, तार सलग आहे ना? मधे कुठे जोड?"

ताईंनी कपाटाकडे बघितलं. कपाटामागून भोक पाडायचं राहिलं होतं. तिथे यजमानांच्या काळातली एक वीतभर करडी तार भिंतीत आधीच होती. निळी तार तिलाच जोडून घेतली होती. खर्च वाचवायला नव्हे. यजमानांनी ती स्वतः बसवली होती, आणि जन्मात त्यांनी स्वतः बसवलेली तेवढी एकच गोष्ट अजून जागेवर होती.

ती वीतभर तार नऊशे चाळीसचं फाटक होती. ताईंनी ती काढली, पुसली, नीट गुंडाळून देवघराच्या खणात ठेवली. मग कपाटामागेही भोक पाडून घेतलं. दुपारी तीन वाजता.

वेग तपासला: ८७००.

---

रविवारी सकाळी त्यांनी पूरक बंद केलं.

पडदा काळा झाला नाही. एकदा थरथरला, आणि रत्नाकर दिसला.

चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली होती. उजवा हात मांडीवर, कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. दाढी अर्धवट. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती आणि गळ्याशी टॉवेल होता. डोळे मात्र त्याचेच होते. ते ताईंकडे बघत होते, कालही बघत असतील तसेच, आणि त्यांच्यात आशा वगैरे काही नव्हती.

"रत्न्या," ताई म्हणाल्या.

तो बोलायला लागला. तोंड उघडलं, मिटलं. मान पुढे आली. "त… त… त…" मग नुसतीच हवा. मग शांतता. इतकी लांब शांतता ताईंनी गेल्या कित्येक वर्षांत कोणाच्याच कॉलवर ऐकली नव्हती. मागे कुठेतरी भांडं पडलं, कोणी तमिळमध्ये कोणावर ओरडलं. तेही ऐकू आलं.

ताईंना रडू येत होतं. पण चौकशी खिडकीत रडायची सोय नसते. त्या म्हणाल्या, "चिंचच होती ती. साधी. आंबट."

रत्नाकरचा डावा हात उठला. हळूहळू वर गेला आणि गळ्यापाशी टॉवेलच्या आत शिरला. कॉलरचं वरचं बटण त्याने दोन बोटांत धरलं. सोडलं. पुन्हा धरलं.

ताईंनी चष्मा सारखा केला आणि नीट बघितलं. बटण एका धाग्यावर लोंबत होतं. बाकीची बटणं घट्ट होती. हे एकटंच चाचपून चाचपून सैल झालेलं. काल, परवा, गेले चार महिने पडद्यावर तो सदरा कसा कडक आणि नीटनेटका दिसायचा!

हा पत्ता फसवा आहे. त्याच्या मागे जाऊ नकोस.

प्रत्येक कॉलवर तो हेच सांगत होता, आणि प्रत्येक कॉलवर पूरक ते 'उगाच अंग खाजवणं' म्हणून पुसत होतं.

"दिसलं," ताई म्हणाल्या. "रत्न्या, दिसलं मला. बटण दिसलं. ऐक, आता मधे कोणी नाही. तू आणि मीच आहोत. समजलं का?"

रत्नाकरचं तोंड वाकडं झालं, खांदे हलायला लागले. तो हसत होता की रडत होता हे सांगणं कठीण होतं, पण जे काय करत होता ते तोच करत होता.

नेमकी तेव्हा बेल वाजली. दार उघडंच होतं. भंगाळे आत आले. मागे वॉचमन, आणि भंगाळ्यांच्या हातात पक्कड.

"मॅडम, मी मुदत दिली होती. तपासणीवाले दुपारी—"

ताई उठल्या नाहीत. त्यांनी फक्त काठी उचलली आणि दाराकडून येणाऱ्या निळ्या तारेवर आडवी ठेवली. "भंगाळेसाहेब, हा माझा भाऊ. रत्नाकर, हे आमचे अध्यक्ष. यांना तार आवडत नाही."

भंगाळ्यांनी पडद्याकडे बघितलं. नमस्कारासाठी हात वर गेले ते पकडीसकट तसेच राहिले. रत्नाकर त्यांच्याकडे बघत होता आणि काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता. "भ…" एवढं आलं.

"हे… पण तुमचे बंधू तर बरे झाले होते ना? मागे मी आलो होतो तेव्हा बोलले होते माझ्याशी. पाटीची चौकशी केली होती त्यांनी."

"तुमच्याशी खोकं बोललं. माझ्या भावाने कोणाच्या पाटीची चौकशी केलेली नाही जन्मात."

भंगाळ्यांनी पक्कड टेबलावर ठेवली. मग वॉचमनला म्हणाले, "तू जा खाली." तो गेल्यावर त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "मॅडम, हे सगळ्यांचंच असं असतं का? म्हणजे… आमचा पराग रोज करतो दुबईहून. रोज. फार प्रेमाने बोलतो हल्ली. पूर्वी नाही बोलायचा."

ताईंनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "लावून देऊ? बसा. दोन मिनिटांत लागेल."

भंगाळ्यांनी खुर्चीकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. 

"नको," ते म्हणाले. "आज नको. आज तपासणी आहे."

ते दारापर्यंत गेले, थांबले, वाकले आणि दाराबाहेरचं पायपुसणं ओढून त्यांनी तारेवर नीट झाकून घातलं. पक्कड ताईंच्या टेबलावरच राहिली. ती न्यायला ते पुढे कधीच आले नाहीत. पाटी त्या वर्षीही टिकली.

---

ईशानला पटवणं अवघड गेलं, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. ताईंनी त्याला कॉल लावून आपला कॅमेरा पडद्याकडे वळवला. "हे बघ तुझा बाप."

"बघतोय की," ईशान म्हणाला. "मस्त दिसतायत बाबा. हसतायत."

त्याच्या टोरांटोच्या खोक्याने ताईंच्या पडद्यावरचा रत्नाकरसुद्धा बरा करून दाखवला होता. ताईंनी कपाळावर हात मारला. ही गोष्ट एकाने बघून दुसऱ्याला दाखवायची नव्हतीच. ज्याची त्याने तार ओढायची होती.

"ईशान, आता ऐक. मी तुला काही सांगणार नाही, काही समजावणार नाही. तू संगणकाला तार लावून, पूरक बंद करून बापाला एकदा फोन कर. ते करत नाहीस तोवर मी तुझ्याशी बोलायची नाही. तू फोन केलास तर माझ्या वतीने खोकंच बोलेल, आणि ते फार गोड बोलतं. 'जेवलास का बाळा' म्हणेल. मी कधी म्हटलंय तुला बाळा?"

ईशानने टेबलाखाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "तार आहे माझ्याकडे. ऑफिसने दिली होती. पॅकिंगमधून काढलीच नाही."

"दहा हजारवाली?"

"हो."

"आणि वापरत नाहीस."

"गरजच पडली नाही, आत्या."

त्या दिवशी त्याचा परत फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा तो काहीच बोलत नव्हता. ताईंनी त्या शांततेवरूनच ओळखलं की तार लागली आहे.

"किती दिवसांपासून असे आहेत ते?" शेवटी त्याने विचारलं. त्याचं नाक चोंदलेलं होतं आणि केस उभे होते. ताईंना तो गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच कुरूप दिसला, आणि अतिशय आवडला.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी तारे देत होतो. पाच पाच."

"रडू नको. सामंतबाईंना फोन कर. त्यांना म्हणावं, आधी तार घ्या आणि मग परीक्षा. आणि महिना संपायच्या आत."

सामंतबाई आधी रागावल्या, मग त्यांनी तार घेतली, मग त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. रत्नाकरला फळांच्या नावांत चाळीसपैकी शून्य पडले. आनंद विभाग रद्द झाला, उपचार पुन्हा सुरू झाले, आणि ताईंनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. भाऊ साफ नापास झाल्याबद्दलचे पेढे नवचैतन्यमध्ये पहिल्यांदाच वाटले गेले. ज्यांनी कारण विचारलं त्यांना ताईंनी सांगितलं. त्यातले काहीजण पेढा खाऊन घाईघाईने निघून गेले. दोघंतिघं मात्र दुसऱ्या दिवशी फारुखभाईंचा पत्ता विचारायला आले, आणि त्या आठवड्यात नवचैतन्यमध्ये चार जुन्या भांडणांना नव्याने तोंड फुटलं.

---

महिना-दीड महिन्यानंतरच्या एका रविवारी पुन्हा डाव बसला. जळगावला तार, टोरांटोला तार. मधे पूरक नाही. चौथा हात तेवढा संगणकाचा, कारण ईशानचा भिडू व्हायला माणूस मिळत नव्हता.

डाव भयंकर रेंगाळला. रत्नाकरचे पत्ते एका लाकडी खाचेत उभे लावले होते. डावा हात खाचेपर्यंत न्यायचा, हवा तो पत्ता धरायचा, तो निसटला की पुन्हा धरायचा. एकेका पत्त्याला ताईंचा अर्धा कप चहा संपे. संगणक प्रत्येक वेळी "आपली वेळ झाली आहे" असं नम्रपणे सुचवत होता. ताईंनी तिसऱ्यांदा त्याला "गप रे" म्हटल्यावर ईशानने त्याचा आवाज बंद केला.

सामंतबाईंनी रत्नाकरला 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द घोटायला दिले होते. अजून एकही बाहेर आला नव्हता. 'हो'चा नुसता श्वास व्हायचा. 'नाही'चा 'न' नाकात अडकून बसायचा. पण अडकलेला दिसत होता, आणि दिसतो तो पत्ता खेळता येतो.

ताईंची पाळी आली. हातात बदाम होते, किलवर होते. पलीकडे दोन मेंढ्या अजून लपलेल्या. त्यांनी पत्त्यांवरून नजर वर केली.

रत्नाकरचा डावा हात खाचेवरून उठला. टॉवेल ओलांडून, नव्याने शिवून घेतलेल्या बटणाला न शिवता वर गेला. वाटेत दोनदा थांबला. मग त्याने उजव्या कानाची पाळी दोन बोटांत पकडली.

ताईंनी शांतपणे बदाम टाकला. संगणकाची मेंढी त्यात गेली.

"एक मिनिट," ईशान म्हणाला.

ताईंनी चहाचा घोट घेतला.

"एक मिनिट! आत्या, बाबांनी कानाला हात लावला. आणि तू लगेच बदाम टाकलास!" तो खुर्चीतून अर्धा उठला होता. "आत्ता कळलं मला. अरे देवा! लहानपणापासून! तुम्ही दोघं मला लहानपणापासून… बाबा! खुणा करता तुम्ही?"

रत्नाकरने मुलाकडे बघितलं. तोंड उघडलं. मान पुढे आली, गळ्याची शीर फुगली, ओठ एका बाजूला ओढले गेले. ईशान तसाच अर्धवट उभा राहिला. ताईंच्या हातातले पत्ते खाली आले. पलीकडे दारात सेल्वी हातातलं भांडं तसंच धरून थांबली. मराठी येत नसूनही तिला काहीतरी कळलं होतं.

"न…" रत्नाकर म्हणाला. "ना…"

कोणी त्याच्यासाठी वाक्य पुरं करून दिलं नाही.

"ना… ही."

झटका आल्यापासूनचा त्याचा हा पहिला स्पष्ट शब्द होता, आणि तो धादांत खोटा होता.